बोरीच्या दोन फांद्या

धक्क्यावर पाय ठेवला आणि खेन्सानीला समोर सासू दिसली. सासूच्या हातात बोरीची फांदी दिसली, तेव्हा तर एक सणसणीत शब्द तिच्या जिभेवर आलाच होता. तो तिनं गिळला. तिच्या स्वतःच्या हातातही तशीच फांदी होती, आणि ही फांदी घेऊन निघालेल्यानं जित्या माणसाशी बोलायचं नसतं.

आमच्या लोफेल्डात, डोंगरांखालच्या या सखल मुलखात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणूस घरापासून लांब मेला, रस्त्यावर म्हणा, खाणीत म्हणा, पाण्यात म्हणा, की त्याचं शरीर पुरून भागत नाही. तो स्वतः तिथंच उभा राहतो, बस चुकलेल्या माणसासारखा. मग घरचं कुणीतरी रानबोरीची फांदी घेऊन त्या जागी जातं, त्याला नावानं हाक मारतं आणि फांदीवर बसवून घरी आणतं. टॅक्सीत त्याची वेगळी सीट घ्यायची. पूल आला, वळण आलं की त्याला सांगायचं, कारण मेलेल्याला रस्ता कळत नाही. आणि घर येईपर्यंत दुसऱ्या कुणाशी अवाक्षर काढायचं नाही. काढलं, की तो असेल तिथं उतरतो आणि पुन्हा तुमच्या फांदीवर बसत नाही.

खेन्सानीचा नवरा मुझी म्निसी मागच्या हिवाळ्याच्या शेवटी या धरणात बुडाला होता. तो याच धक्क्यावरून सुटणाऱ्या होडीवर पाहुण्यांना दरी दाखवायचा. आमच्याकडे हिवाळा ऑगस्टात सरतो, तेव्हाचं वारं सुटलं होतं, एका पाहुणीची टोपी उडून धबधब्याशी पाण्यात पडली आणि हा बहाद्दर हसत हसत तिच्यामागे उडी मारून गेला. टोपी वर आली, हा आला नाही. पुढे त्याचं शरीर वाहत जाऊन धरणाच्या भिंतीशी लागलं. त्याची आई लोमाखोसी फांदी घेऊन भिंतीशी गेली, तिथून त्याला कॅस्टील गावच्या आपल्या घरी घेऊन आली, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. खेन्सानी तेव्हाच म्हणाली होती, अहो, तिथं शरीर लागलं, श्वास तर वर धबधब्याशी सुटला. पण तिचं ऐकतो कोण? तिच्या माहेरी वधूमूल्याच्या गाई पोचल्या नव्हत्या. मुझी दर वर्षी म्हणायचा, पुढच्या ईस्टरला नक्की. म्हातारीच्या लेखी ती सून नव्हतीच. ती ‘एकॉर्नहूकवाली’ होती, एकॉर्नहूक गावात राहणारी कुणी बाई.

आणि मग तिच्या उंबऱ्यावर पाणी दिसायला लागलं. रोज सकाळी. नखशिखांत भिजलेला माणूस बराच वेळ दाराशी उभा राहून निघून जावा, एवढी ओल. पाऊस नाही, नळ अंगणाच्या टोकाला. तिची लेक गुगू एकदा सहज म्हणाली, “बाबा आत का येत नाहीत?” त्या दिवसापासून खेन्सानीनं उशाशी फडकं ठेवलं. रोज पहाटे गुगू उठायच्या आत उंबरा पुसून काढायचा. भीती वाटायची, खोटं कशाला सांगा. पण उठून पहिल्यांदा तिथंच बघायची, हेही खरं.

शेवटी ती हाडं टाकून बघणाऱ्या सांगोमाकडे गेली. सांगोमानं हाडं पुन्हा पुन्हा टाकली आणि म्हणाली, “तो अजून पाण्यातच आहे गं. भलत्या जागेवरून नेला त्याला. जा आणि घेऊन ये.” म्हातारीही कुठल्यातरी दुसऱ्या सांगोमाकडे गेली असणार, तिलाही तेच सांगितलं असणार. धबधब्यापर्यंत पोचायला पाहुण्यांच्या होडीशिवाय दुसरी वाट नाही, आणि होडी फक्त सकाळी सुटते. म्हणून दोघी आता एकाच धक्क्यावर, दोन हातांवर, तोंडं फिरवून उभ्या होत्या.

तिकीटखिडकीतल्या पोरीनं फांदी बघूनच ओळखलं. खेन्सानीनं दोन बोटं दाखवली, तिनं मुकाट्यानं दोन तिकिटं दिली. म्हातारीला आधीच दोन दिली होती. मुझीला आयुष्यात कधी स्वतःच्या नावावर दोन जागा मिळाल्या नव्हत्या.

होडीत मागचा बाक चौघांचा होता. म्हातारी एका टोकाला बसली, खेन्सानी दुसऱ्या टोकाला. मधे दोन रिकाम्या जागा.

“मुझी, बाळा,” म्हातारी पाण्याकडे बघत म्हणाली, “तुझी आई आलीय बरं का तुला न्यायला. आणखी कोण कोण आलंय ते काही मला दिसत नाही. मोतीबिंदू झालाय मला.”

मेलेल्याशी बोलायला बंदी नव्हती. खेन्सानीच्या हे एकदम लक्षात आलं. घरी ती नवऱ्याला नुसतं मुझी म्हणायची, पण आज तिनं लेकीचं नाव मुद्दाम मधे घातलं.

“गुगूचे बाबा, ऐकलंत का? तुमच्या आईंना मोतीबिंदू झालाय. म्हणून तर मागच्या वेळी त्यांनी तुम्हाला भलतीकडेच शोधलं.”

म्हातारीनं खांद्यावरचं लाल वस्त्र फट्‌कन झटकलं. “मुझी, आईचं चुकलं असेल, पण ती आई आहे. माणूस नाळ पुरलेल्या अंगणात परत येतो. कुणाच्या भाड्याच्या खोलीत नाही.”

“गुगूचे बाबा, भाड्याची खोली म्हणे! विटा कुणी रचल्या? पत्रे कुणी चढवले? तुम्हीच सांगा त्यांना, माझ्यावर त्यांचा विश्वास नाही.”

“मुझी, रोज सकाळी माझ्या दारात ओल करून जातोस. ते काय उगाच? लेकराला आईचंच दार आठवतं.”

खेन्सानीचा हात फांदीवर आवळला आणि एक काटा तळव्यात शिरला. तिच्याकडेही जातो? वर्षभर तिला वाटत होतं की तो फक्त तिच्याच दाराशी येतो. इतक्या लांबून, ओल्या कपड्यांनी, रात्रीतून दोन्ही घरं? तिला त्याची दया आली, आणि दयेच्याही आधी राग आला. मेल्यावरसुद्धा यानं दोन्ही डगरींवर हात ठेवलाच.

होडीवाला एल्मोन दोर सोडत होता. सगळी वर्षं मुझीबरोबर त्यानंच इंजिन चालवलं होतं. त्यानं आकाशाकडे बघून मान हलवली. “मुझी, मित्रा,” तो म्हणाला, “आता कळलं, तू पाण्यातच का राहिलास.”

दोघींनी एकाच वेळी त्याच्याकडे असं पाहिलं की तो गपचूप इंजिनाशी जाऊन बसला.

पाहुणे चढले. प्रिटोरियाहून आलेला एक धिप्पाड गोरा गृहस्थ, डोक्यावर रुंद काठाची टोपी, मागच्या बाकाशी येऊन थांबला. “इथं कुणी बसलंय?” त्यानं विचारलं. दोघी गप्प. त्यानं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं, जणू दोघी बहिऱ्याच आहेत.

“बसलंय, साहेब,” एल्मोन लांबूनच म्हणाला.

“कुठं? मला तर दोन जागा रिकाम्या दिसतायत.” त्यानं एका जागेवर हात टेकवला आणि झट्‌कन मागे घेतला. “ही तर ओली आहे!”

“ती ओलीच असते. रोज पुसतो मी.” एल्मोननं वरच्या छताकडे बघायचं टाळलं. छतावरून एक थेंबही गळत नव्हता. “तुम्ही पुढं या, साहेब. पुढून मगरी झकास दिसतात.”

गृहस्थ पुढे गेला. खेन्सानीनं हळूच त्या जागेकडे पाहिलं. रेक्झिनच्या खड्ड्यात पाणी साचलं होतं, तिच्या उंबऱ्यावर असायचं तेवढंच.

होडी निघाली. दोन्ही बाजूंनी लालसर कडे वर वर जात होते आणि आकाश अरुंद होत होतं. एल्मोननं घसा खाकरला. ते खाकरणं ऐकून खेन्सानीच्या अंगावर सर्रकन काटा आला. अगदी मुझीचं खाकरणं. मुझी गेल्यावर पाहुण्यांशी बोलायचं कामही एल्मोनच्या गळ्यात पडलं होतं, आणि त्याला स्वतःचं काही बोलता येत नव्हतं. इंजिनाशी बसून इतकी वर्षं जे ऐकलं, तेच तो बोलायचा. शब्द मुझीचे, थांबणं मुझीचं, खाकरणंही मुझीचं.

“डावीकडे बघा, मंडळी. पाणघोडा. दिवसभर पाण्यात, नुसते कान बाहेर. अगदी माझ्यासारखा, बायको कामाला हाक मारते तेव्हा.”

पाहुणे हसले. एल्मोनचं लग्नच झालं नव्हतं. ती बायको म्हणजे खेन्सानी होती. ती या होडीत आज पहिल्यांदाच बसली होती. एवढ्या वर्षांत मुझीनं तिला कधी आणलं नव्हतं, आणि ती इथं रोज, सगळ्या जगाच्या पाहुण्यांसमोर, येऊन जात होती हे तिच्या गावीही नव्हतं.

“वर बघा. ते तीन गोल डोंगर, गवती झोपड्यांसारखे. जुनी माणसं सांगतात की त्या एका राजाच्या राण्या. मी खरं काय ते सांगतो. ती पहिली माझी आई. ही शेवटची माझी बायको. दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. आणि मधे…”

एल्मोन थांबला. त्याची नजर मागच्या बाकावर गेली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं उसनं हसू पार उतरलं. हा विनोद आज करायचा नाही असं त्यानं सकाळीच ठरवलं असणार, पण तोंडाला वळण पडलेलं.

“मधे काय?” पुढून कुणीतरी विचारलं.

“मधे काही नाही,” एल्मोन म्हणाला. “डोंगर आहे.”

“मधे मी.”

हे कुणीतरी अगदी शेजारून म्हटलं. मोठ्यानं नाही. बायकोनं विचारल्यावर माणूस जेवता जेवता उत्तर देतो, तेवढ्याच आवाजात. खेन्सानीनं झट्‌कन मान वळवली. म्हातारी तिच्याकडेच बघत होती, तोंड अर्धवट उघडं. तिच्या त्या मोतीबिंदूच्या डोळ्यांत खेन्सानीला स्वतःचीच भीती दिसली. म्हणजे तिनंही ऐकलं होतं. दोघींच्या मधे रेक्झिनवरून पाण्याची बारीक धार निघाली आणि होडीच्या तळाशी उतरली.

त्यानंतर दोघी भांडल्या नाहीत. म्हातारी फांदी छातीशी धरून बसली. खेन्सानीला वाटलं, इतका वेळ आपण ज्याच्यावरून भांडतोय तो बसून ऐकत होता. घरी आल्यावरही असाच ऐकायचा, मान खाली घालून.

धबधब्याचा आवाज आधी आला, मग तो दिसला. कड्यावरून पाझरणाऱ्या पाण्यानं युगानुयुगं दगडाचाच एक चेहरा घडवलाय, शेवाळाचे केस, खोल गेलेले डोळे, आणि त्यावरून अखंड पाणी.

“ही रडणारी बाई,” एल्मोननं होडी हळू केली. “का रडते? हिनं नावाड्याशी लग्न केलं, मंडळी. तो दिवसभर लोकांशी बोलतो आणि घरी आला की मुका.”

पाहुणे पुन्हा हसले. म्हणजे मुझीला कळत होतं. खेन्सानी रोज संध्याकाळी ताटात मक्याची घट्ट लापशी वाढायची, वर रानभाजी घालायची, विचारायची, काय झालं आज? तो म्हणायचा, काही नाही. तिच्यासाठीचे सगळे शब्द त्यानं इथं, टोप्या घातलेल्या परक्या माणसांत उधळून टाकले होते. आणि तरीही तिला ते हवे होते. दुसऱ्याच्या तोंडून का होईना, आणखी थोडे हवे होते.

एल्मोननं इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची टोपी काढली. “इथं आम्ही जरा शांत बसतो,” तो म्हणाला. आता तो स्वतःच्या आवाजात बोलत होता.

म्हातारी उठून डाव्या कडेला गेली. खेन्सानी तिच्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. दोघींनी फांद्या पाण्याला टेकवल्या.

“मुझी! म्निसी!” म्हातारीनं हाक मारली. आवाज म्हातारा पण खणखणीत. “उठ, बाळा. पाणी थंड आहे. घरी चल.”

“मुझी!” खेन्सानीनं हाक मारली. आता लेकीचं नाव मधे घालायचं भान तिला राहिलं नव्हतं. “मुझी, मी आलेय. चल. गुगू वाट बघतेय.”

कड्यांनी दोन्ही हाका एकमेकींत मिसळून परत पाठवल्या. मग वारा आला. दरीतून तो असाच येतो, आधी पाण्यावर शहारा दिसतो आणि मग कानाशी फडफड. पुढच्या गृहस्थाची रुंद टोपी उडाली आणि धबधब्याकडे जाऊन पाण्यात उलटी पडली.

एल्मोन जागच्या जागी ताठ झाला. “कुणीही हलायचं नाही,” तो म्हणाला. “टोपीमागे कुणीही जायचं नाही.”

कुणी हललं नाही. वारा धबधब्याच्या दिशेनं वाहत होता, छताची झालर तिकडेच फडफडत होती. टोपीनं एक गिरकी घेतली, क्षणभर थांबली, आणि वाऱ्याच्या उलट, हळूहळू, होडीकडे यायला लागली. पाण्याखालून कुणी डोक्यावर घेऊन चालत यावं तशी. पाहुण्यांपैकी एक बाई काहीतरी पुटपुटली. टोपी सरळ त्या दोन फांद्यांकडे आली आणि दोघींच्या मधे, थोडी अलीकडे, थबकली. कुणाकडे जावं ते तिला ठरवता येत नव्हतं.

म्हातारी वाकली. तिनं फांदी पुढे सरकवली, पोचेना. आणखी वाकली. तिचा चेहरा असा झाला होता की खेन्सानीला बघवेना. पाण्यात पडलेलं मूल हाताशी आलं, एवढंसं राहिलं, अशा आईचा चेहरा. आणखी वाकली आणि तिचे पाय सुटले. पडतानासुद्धा म्हातारीनं दात आवळून धरले होते. ओरडली नाही.

“आई!”

ओरडली ती खेन्सानी. “आई, धरा! एल्मोन, अरे धाव!” तिनं दोन्ही हातांनी म्हातारीला कमरेशी मिठी मारली आणि होती नव्हती ती ताकद लावून मागे ओढलं. एल्मोन धावत आला, त्यानंही धरलं. तिघंही बाकाला धडकून होडीच्या तळाशी पडली.

म्हातारीची फांदी म्हातारीच्याच हातात होती. खेन्सानीचे हात रिकामे होते. मिठी मारायला दोन्ही हात लागतात, त्यात तिची फांदी पाण्यात गेली होती. काट्यांची ती फांदी गोल गोल फिरत भिंतीच्या दिशेनं वाहत चालली, आणि खेन्सानी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. फांदी गेली होती आणि ती जित्या माणसाशी बोललीही होती. एकदा नव्हे, दोनदा. आता सगळं संपलं होतं. मुझी कॅस्टीलला जाणार, आणि हा आपल्याच हातानं घडलेला घोळ तिला जन्मभर पुरणार होता. ती हमसून हमसून रडायला लागली. आता लपवायचं कुणापासून?

म्हातारी उठून बसली. तिनं खेन्सानीकडे टक लावून पाहिलं, ओठ हलले, पण तिला बोलायची मुभा नव्हती. तिनं फांदी मांडीवर घेतली आणि बाकावर आपली जागा धरली. “मुझी,” ती हलक्या आवाजात फांदीला म्हणाली, “बस. नीट धरून बस. आता होडी वळेल.”

एल्मोननं आकडीनं टोपी वर काढली. गृहस्थाच्या पुढे धरली तर त्यानं दोन्ही हात मागे घेतले. मग एल्मोननं ती मागच्या बाकावर, त्या ओल्या जागेवर ठेवली, आणि परतीच्या वाटेत कुणालाही एकही विनोद सांगितला नाही.

हूडस्प्रूटच्या टॅक्सीतळावर एल्मोननंच दोघींना आपल्या पिकअपमधून सोडलं. दक्षिणेकडे जाणारी मिनीबस टॅक्सी भरत होती. म्हातारीनं बोटांनी दोन सीटा दाखवल्या. ड्रायव्हरनं फांदी बघितली, रेडिओ बंद केला आणि मधल्या ओळीतल्या दोघा पोरांना उठवून मागे धाडलं. खेन्सानी शेवटच्या ओळीत बसली. तिला समोर म्हातारीचं डोकं दिसत होतं आणि शेजारची रिकामी सीट. टॅक्सीत माणसं खच्चून भरली होती, पण त्या सीटला कुणाचा खांदाही लागत नव्हता.

“मुझी, क्लासेरी नदीचा पूल आला,” म्हातारी म्हणाली. “पाणी आहे. घाबरू नकोस. आपण वरून चाललोय.”

टॅक्सीतला एक म्हातारा टोपी काढून बसला. खेन्सानी खिडकीबाहेर बघत होती. एकॉर्नहूकचा फाटा आधी येतो, कॅस्टील त्याच्या पुढे. ती आधी उतरणार आणि टॅक्सी त्याला घेऊन पुढे जाणार. उतरताना त्या सीटच्या पाठीला हात लावायचा, एवढंच तिनं ठरवलं होतं. गुगूला काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं.

फाटा दिसायला लागला तशी म्हातारी जागच्या जागी चुळबुळायला लागली. ड्रायव्हरला तर सांगता येत नव्हतं. तिनं फांदी उचलली आणि अख्ख्या टॅक्सीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“मुझी, आपण इथं उतरायचं. पुढचा रस्ता आईला ठाऊक नाही, बाबा. आई कधी आलीच नाही इकडे. तुझ्या बायकोला विचार.”

खेन्सानीला आधी कळलंच नाही. मग ती एवढ्या जोरात ओरडली की ड्रायव्हरनं ब्रेकवर उभा पायच दिला. “थांबव! फाट्यावर थांबव रे! आम्हाला उतरायचंय. आम्हा तिघांना.”

दुपारचं ऊन मातीच्या रस्त्यावर तापलं होतं. खेन्सानी पुढे, म्हातारी मागे.

“आई, चर्चपासून डावीकडे.”

“मुझी, चर्चपासून डावीकडे.”

“इथं खड्डा आहे, जपून या.”

“मुझी, खड्डा आहे. अजून बुजवला नाही कुणी.”

“तो कुत्रा नुसता भुंकतो, आई. चावत नाही.”

कुत्रा भुंकला नाही. तो उठला, शेपूट पायांत घेतली आणि कुंपणाखालून पलीकडे निघून गेला. म्हातारीनं मुझीला कुत्र्याबद्दल काही सांगितलं नाही.

मारुलाच्या झाडापलीकडे घर दिसलं. म्हातारी फाटकाशी थांबली आणि बराच वेळ भिंतींकडे, पत्र्यांकडे, निळ्या दाराकडे बघत राहिली. “मुझी, हे तू बांधलंस होय,” ती म्हणाली. “बरं आहे. ही भिंत जरा वाकडी गेलीय.” मग तिचा आवाज फुटला. “पण बरं आहे, बाळा. चल आत.”

गुगू दारात उभी होती. शेजारीण मागून काहीतरी सांगत होती, पण पोरीचं लक्ष नव्हतं. आजीला ती पहिल्यांदाच बघत होती. आजीला वाट द्यायला ती बाजूला सरकली. आजी आत गेली, तरी गुगू भिंतीला पाठ लावून तशीच उभी राहिली, मान वर करून, आणि मग आणखी कुणाला तरी जायला द्यावं तशी पोट आत ओढून आणखी थोडी सरकली. खेन्सानी त्या दोघांच्या मागून शेवटी आत आली.

म्हातारीनं मागच्या भिंतीशी, जमिनीवर, फांदी ठेवली. “मुझी, आलं घर,” ती म्हणाली. “आता बाहेर उभा राहायचं नाही.” मग ती चटईवर मटकन बसली, पाय पसरले, आणि सकाळपासून पहिल्यांदा एका जित्या माणसाशी बोलली.

“पाणी दे गं, सूनबाई. घसा पार कोरडा पडलाय.”

खेन्सानीनं पाणी दिलं. त्या रात्री म्हातारी तिथंच झोपली, गुगूला कुशीत घेऊन. शनिवारी बोकड कापायचा, कॅस्टीलच्या लोकांनाही बोलवायचं, असं दोघींनी दिवा मालवायच्या आत ठरवून टाकलं. बोकड कुणी आणायचा यावरून थोडी वादावादीही झाली.

सकाळी खेन्सानी उठली आणि सवयीनं उशाचं फडकं घेऊन दाराशी गेली. दार उघडलं. उंबरा कोरडा होता. तिनं वाकून हातानं चाचपला, कडेचे कोपरेसुद्धा. धूळ हाताला लागली. ती तिथंच फडकं मांडीवर घेऊन बसली आणि तिला रडू आवरेना.

म्हातारी आतून आली. “काय झालं गं?”

“कोरडा आहे, आई.”

“मग चांगलंच झालं की. घरात आला तो. रडतेस कशाला?”

“रोज यायचा,” खेन्सानी म्हणाली. “आता येणार नाही.”

कॅस्टीलला म्हातारीचंही दार होतं, आणि आज तेही कोरडंच असणार होतं. ती हळूच सुनेशेजारी उंबऱ्यावर टेकली, तिच्या मांडीवरचं फडकं घेतलं आणि उगाचच त्याच्या घड्या घालत बसली.